घरबसल्या बॅरन ज्वालामुखीवर नजर कशी ठेवायची

भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी म्हणजे अंदमानचं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून साधारण १४० किमी, वस्ती शून्य, जायचं म्हटलं तर परवानगी काढा बोट बघा समुद्राचा मूड बघा, त्यापेक्षा लॅपटॉप बरा. १७८७ ची उद्रेकाची नोंद आहे, मग मध्ये बराच काळ गप्प होता, १९९१ ला परत पेटला आणि २००५ पासून अधूनमधून चालूच असतं त्याचं.

आधी नासाची फर्म्स (FIRMS) साइट उघडा, सॅटेलाइटला कुठे आग किंवा उष्णता दिसली ते ती नकाशावर दाखवते, फुकट आहे. नकाशावर १२.२८ उत्तर, ९३.८६ पूर्व शोधा आणि व्हिअर्सचा (VIIRS, सॅटेलाइटवरचा उष्णता टिपणारा कॅमेरा) लेयर लावा, त्यात एक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटरचा चौकोन. सॅटेलाइटला तिथे उष्णता दिसली की लाल ठिपका येतो. असेच ठिपके आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे दिसले तर कोणीतरी उसाचं पाचट पेटवलंय असं समजायचं, पण बॅरनवर ना शेती ना माणूस, त्यामुळे तिथला ठिपका बहुतेक ज्वालामुखीचाच. त्यातही रात्रीचा जास्त भरवशाचा, कारण दिवसा काळा खडक उन्हानेच तापलेला असतो. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवा.

पण एका ठिपक्यावर लगेच ग्रुपवर "फुटला!!" टाकू नका प्लीज. पुढची पायरी म्हणजे कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या साइटवर सेंटिनेल-२ सॅटेलाइटचा फोटो, एसडब्ल्यूआयआर (SWIR, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश) व्ह्यूमध्ये. तापलेला लाव्हा तिथे भडक चमकतो. जुन्या तारखेचा फोटो शेजारी ठेवून बघा, चमक फक्त मधल्या शंकूच्या तोंडाशी आहे की पश्चिमेकडे ओघळ गेलाय? शंकूभोवतीच्या मोठ्या विवराची कड पश्चिमेलाच फुटलेली आहे, म्हणून लाव्हा तिकडून समुद्राकडे जातो.

राखेसाठी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या व्हीएएसीची (VAAC, ज्वालामुखीच्या राखेचा इशारा देणारं केंद्र) बुलेटिन वाचा, ती विमानांसाठी काढतात. "राख दिसली नाही" असं लिहिलेलं असलं तरी ढगांमुळे दिसली नाही का, हे नक्की वाचा.

आणि सॅटेलाइटकडून खूप काही निसटतं. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) शास्त्रज्ञ बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होते तेव्हा अचानक राख उडायला लागली, दिवसा नुसती राख आणि अंधार पडल्यावर लाल लाव्हाचे फवारे, एकेक झटका जेमतेम ५ ते १० मिनिटांचा. आता अशा वेळी सॅटेलाइट नेमका डोक्यावर असेलच असं नाही ना!

उद्रेकाच्या "आधी" कळायला खरं तर बेटावरच भूकंपमापक, जमीन फुगतेय का ते मोजणारी यंत्रं आणि गॅसची मोजणी लागते. आपण जे बघतो ती वर पोचलेली उष्णता, म्हणजे बऱ्याचदा सुरुवात झालेली असते. अंदमानातल्या प्रत्येक भूकंपाचा संबंध बॅरनशी लावू नका, तिथे पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली सरकतेय त्यामुळे धक्के नेहमीचेच.

एक साधी एक्सेल शीट ठेवा: तारीख, वेळ, ठिपके किती, ढग होते का. पावसाळ्यात ढगाचा कॉलम भरूनच जातो, अशा दिवशी "शांत" लिहू नका, "दिसलं नाही" लिहा.