बंद करताना हिशोबाची फाईल अर्धवट सेव्ह होते? आधी कॉपी, मग दुरुस्ती

सोयाबीनचा हंगाम ऐन भरात असतो, मोंढ्यातल्या आडतीवर दिवसभराच्या पट्ट्या (माल विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) संध्याकाळी एकदम चढवल्या जातात आणि शटर ओढायच्या घाईत अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर ‘सेव्हिंग’वर अडकतं. अशा वेळी सीपीयूचं बटण दाबून धरू नका. फाईल खरी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सॉफ्टवेअरच्या नावासमोर ‘डिस्क’चा आकडा हलत असेल, तर लिहिणं चालू आहे. दहा मिनिटं लागली तरी थांबा. आकडा बराच वेळ शून्यावर असेल आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसत असेल, तरच ‘एंड टास्क’ करा. सॉफ्टवेअर बंद न करता थेट शट डाउन दिलं, तर विंडोज काही सेकंदच वाट पाहतं आणि ‘शट डाउन एनिवे’ विचारतं. तिथे ‘कॅन्सल’ दाबा, आधी सॉफ्टवेअर नीट बंद होऊ द्या.

आता डेटाचा पूर्ण फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये हा फोल्डर नुसत्या आकड्यांच्या नावाचा असतो. कॉपी करताना सगळ्या कॉम्प्युटरवर टॅली बंद हवं. दुरुस्ती करताना फाईल आणखी बिघडू शकते, म्हणून या कॉपीशिवाय पुढची एकही पायरी करू नका. जुन्या बॅकअपवर ही कॉपी टाकू नका, वेगळं नाव आणि तारीख द्या.

मग कारण शोधा. सी ड्राइव्ह भरला आहे का, हे आधी बघा. त्यानंतर डेटा ठेवलाय कुठे, ते पाहा. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असेल, तर बऱ्याचदा वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) तीच फाईल त्याच क्षणी अपलोड करत असतं. काही सॉफ्टवेअर आधी तात्पुरती फाईल लिहितात आणि मग ती जुनीच्या जागी ठेवतात. वनड्राइव्हने किंवा अँटिव्हायरसने जुनी फाईल धरून ठेवली, की ही अदलाबदल होत नाही आणि सेव्ह लटकतं. डेटा डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये हलवा, सॉफ्टवेअरमध्ये नवा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, द्या आणि अँटिव्हायरसच्या ‘एक्स्क्लूजन’मध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) फक्त तो फोल्डर टाका. अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका. पेन ड्राइव्हवरून थेट काम करायची सवय असेल, तर ती मोडाच. पेन ड्राइव्ह फक्त बॅकअप नेण्यापुरता वापरा.

दोन-तीन कॉम्प्युटर एकाच डेटावर चालत असतील, तर दोष बहुधा वायरीच्या वाटेवर असतो. लाईट गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, पण राउटर किंवा नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) साध्या बोर्डावर असल्यामुळे बंद पडतो. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं, डेटापर्यंतचा रस्ता मात्र तुटलेला असतो. आपल्याकडे लाईटची ये-जा पाहता स्विचही यूपीएसवर घेणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे, तो सगळ्यात शेवटी बंद करा, आणि त्याचा ‘स्लीप’ बंद ठेवा.

इन्व्हर्टरवर भागवत असाल तर मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएस मोड कमी व्होल्टेज मात्र फारसं चालवून घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो. गावात व्होल्टेज कायम पडत असेल, तर बॅटरी लवकर उतरते हे धरून चला. छोट्या यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बंद असताना प्लग काढून ती किती मिनिटं टिकते, हे हंगामाआधीच तपासा.

टॅली प्राइममध्ये दुरुस्तीसाठी ऑल्ट आणि वाय दाबून ‘डेटा’ उघडा आणि ‘रिपेअर’ निवडून कंपनी (टॅलीत आपल्या धंद्याची वही) सांगा. टॅलीत प्रत्येक व्हाउचर (व्यवहाराची नोंद) स्वीकारताच लिहिलं जातं, त्यामुळे बहुधा स्क्रीनवरचं शेवटचं व्हाउचरच जातं. ग्नूकॅश या मोफत अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या एक्सएमएल फाईलचं तसं नाही. तिथे प्रत्येक सेव्हला पूर्ण वही नव्याने लिहिली जाते. सेव्ह मोडलं तर त्याच फोल्डरमधली तारीख-वेळ असलेली मागची फाईल उघडा, आणि इम्पोर्टमधून ‘रीप्ले लॉग’ देऊन त्यानंतरच्या नोंदी परत आणा. ‘लॉक मिळत नाही’ असा निरोप आला, तर दुसरीकडे कुणी फाईल उघडली नाही ना याची खात्री करूनच ‘ओपन एनिवे’ दाबा.

दुरुस्ती झाली म्हणजे हिशोब जुळला असं नाही. कागदी पट्टीबुकातला शेवटचा नंबर आणि सॉफ्टवेअरमधला शेवटचा नंबर ताडून बघा, गल्ल्यातली रोकड कॅश लेजरशी मिळवा, मग ट्रायल बॅलन्स काढा. एखादी पट्टी सुटली असेल, तर ती आत्ताच मूळ तारखेने चढवा. जीएसटीचं रिटर्न भरल्यावर ती सापडली, तर काम दुप्पट होतं.