फाइल नेमकी आहे कुठे? संगणक शिकताना या चुका टाळा

प्रकल्प सादर करायच्या दिवशी एका विद्यार्थिनीनं माझ्या हातात पेनड्राइव्ह दिला. आत फाइल होती, नावही बरोबर होतं, पण ती उघडेना. आकार पाहिला तर जेमतेम दोन केबी. चित्रांसकट केलेला तीस पानांचा प्रकल्प दोन केबीत मावत नाही. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण दिसला आणि उलगडा झाला. तिनं डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी करून आणला होता. मूळ फाइल घरच्या संगणकातच राहिली होती. शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता. पत्ता खिशात घातला म्हणून घर सोबत येत नाही. तिचं काम वाचलं, पण तो अर्धा तास तिनं ज्या भीतीत काढला ती मला अजून आठवते.

माहिती तंत्रज्ञानाची पहिली ओळख करून घेणाऱ्या मुलांच्या चुका मी बरीच वर्षं पाहतो आहे. चुकीचं बटण दाबल्यामुळे होणाऱ्या चुका त्यात थोड्या. वस्तू कुठे आहे याचं डोक्यातलं चित्रच चुकलेलं असतं, म्हणून होणाऱ्या जास्त. त्यामुळे काहीही अडलं की मी मुलांना एकच प्रश्न आधी विचारायला लावतो: ही फाइल, हा मजकूर आत्ता कुठे आहे?

सेव्ह केलं, पण कुठे?

टाइप करत असताना मजकूर रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. वीज गेली की रॅम रिकामी. सेव्ह केल्यावर तो डिस्कवर उतरतो आणि तिथे टिकतो. ‘मेमरी भरली’ असं आपण दोन्हींबद्दल बोलतो, तिथून गोंधळ सुरू होतो. फोटो मावत नसतील तर डिस्क भरलेली असते. दहा प्रोग्राम उघडल्यावर यंत्र रेंगाळत असेल तर बहुधा रॅम अपुरी पडते. फोटो पुसून दुसरी अडचण सहसा सुटत नाही.

ऑनलाइन दस्तऐवज आपोआप सेव्ह होतात, त्यामुळे कंट्रोल + एस दाबायची सवयच मुलांना लागत नाही. मग संगणकावर बसवलेल्या एखाद्या प्रोग्राममध्ये दोन तास काम होतं आणि खिडकी बंद करताना विचारलेल्या प्रश्नाला घाईत ‘नाही’ असं उत्तर दिलं जातं. पहिलं वाक्य लिहिलं की लगेच सेव्ह करा, आणि त्या वेळी वर दिसणारं फोल्डरचं नाव वाचा. ते वाचलं नाही तर पुढे फाइल शोधत बसावं लागतं.

याहून फसवी चूक झिप फाइलची. झिपवर दोनदा क्लिक केलं की ती साध्या फोल्डरसारखी उघडते. मुलं आतला दस्तऐवज तिथूनच उघडतात, त्यात उत्तरं लिहितात, सेव्ह करतात. प्रत्यक्षात ती तात्पुरत्या प्रतीवर काम करत असतात. ती प्रत एखाद्या आडवाटेच्या फोल्डरमध्ये असते आणि केव्हाही पुसली जाऊ शकते. ईमेलमधली अटॅचमेंट थेट उघडून त्यात बदल केले तरी हाच धोका. झिप आधी ‘एक्सट्रॅक्ट’ करा, अटॅचमेंट आधी डाउनलोड करा, मगच लिहायला बसा. चूक होऊनच गेली असेल तर त्या प्रोग्राममधली अलीकडे उघडलेल्या फाइल्सची यादी लगेच पाहा. बऱ्याचदा तिथून ती प्रत सापडते, आणि सापडली की ‘सेव्ह ॲज’ करून नीट जागी ठेवा.

फाइलच्या नावातल्या टिंबानंतरची अक्षरं बदलून रूप बदलत नाही, हेही सांगावं लागतं. ‘डॉट पीएनजी’ खोडून ‘डॉट पीडीएफ’ लिहिलं तर चित्राचं पीडीएफ होत नाही. फक्त फाइल उघडेनाशी होते. नाव पूर्ववत करा, चित्र परत दिसेल. पीडीएफ हवं असेल तर ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरा. विंडोज ही शेवटची अक्षरं मुळात लपवून ठेवतं. ती दिसू द्या, कारण फोटोचं नाव लावलेली एखादी फाइल प्रत्यक्षात चालवायचा प्रोग्राम असू शकते.

नावं चुकली की निदान चुकतं

टेबलाखालच्या अख्ख्या पेटीला सीपीयू म्हणायची सवय सगळीकडे आहे. ती पेटी म्हणजे कॅबिनेट. सीपीयू ही तिच्या आतली तळहातावर मावणारी चिप. बोलण्यापुरतं चालून जातं, पण दुरुस्ती करणाऱ्याला ‘सीपीयू बिघडला’ म्हणून सांगितलं तर तो भलतीकडे शोधत बसतो.

वाय-फाय आणि इंटरनेट यांचं असंच. वाय-फाय म्हणजे तुमचं यंत्र आणि राउटर यांच्यातला बिनतारी दुवा. तो भक्कम असला आणि राउटरच्या पुढची जोडणी तुटलेली असली तर पट्ट्या पूर्ण दिसतात, पान मात्र उघडत नाही. अशा वेळी क्रमानं पाहा. दुसरं संकेतस्थळ उघडतं का? उघडत असेल तर दोष पहिल्या संकेतस्थळाचा. त्याच वाय-फायवर दुसऱ्या फोनवर चालतं का? चालत असेल तर दोष तुमच्या यंत्रात. कुठेच चालत नसेल तर राउटर किंवा त्याच्या पलीकडे. तीन प्रश्नांत जागा ठरते. वेब ही इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक सेवांपैकी एक आहे, हे कळलं की ‘ब्राउझर चालत नाही पण संदेश येतात’ याचंही कोडं पडत नाही. इंटरनेटचा पाया असलेला टीसीपी/आयपी हा नियमसंच १९८३ पासून वापरात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला तो १९८९ मध्ये.

वेगाबद्दलची तक्रार तर दर वर्षी येते: शंभर एमबीपीएसची जोडणी, मग शंभर एमबीची फाइल एका सेकंदात का उतरत नाही? तो वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच.

स्प्रेडशीट: सर्वांत जास्त काळजी इथे

रोजच्या वापरातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं साधन हेच, आणि सर्वांत गुपचूप चुकणारंही हेच. चुकलं तरी पडदा नेटकाच दिसतो. एका चौकटीत ‘५ किलो’ असं लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. बेरजेचं सूत्र त्याला वगळून पुढे जातं, काहीही न सांगता. आकडा एका चौकटीत, एकक स्तंभाच्या शीर्षकात, हा नियम पहिल्याच दिवशी लावा. शून्यानं सुरू होणारे क्रमांक लिहिले की सुरुवातीचं शून्य गळतं. एक्सेल आकड्याचे १५ अंकच अचूक ठेवतं, त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. ज्यांची बेरीज कधी करायची नसते असे क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवा, आणि ते टाइप करण्याआधी स्तंभ ‘टेक्स्ट’ करा.

या चुका फक्त नवख्यांच्या नाहीत. सेप्ट१, मार्च१ अशा नावांची जनुकं एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. अखेर मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं अशा जनुकांची नावंच बदलली, आणि त्याबद्दलचे नियम २०२० मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोविडबाधित रोजच्या आकड्यांतून सुटले. माहिती एक्सेल फाइलच्या जुन्या, एक्सएलएस रूपात भरली जात होती. त्या रूपात ६५,५३६ ओळीच मावतात, नव्या रूपात १०,४८,५७६. उरलेल्या ओळी बाहेर राहिल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांपर्यंत पोहोचायला उशीर झाला. फाइलचं रूप निवडताना मुलं खांदे उडवतात तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो.

आणखी एक: फक्त गुणांचा स्तंभ निवडून क्रमवारी लावू नका. नावं जागेवर राहतात, गुण हलतात, एकाचे दुसऱ्याला जातात. लगेच कळलं तर कंट्रोल + झेड दाबून बदल मागे घ्या. फाइल सेव्ह करून बंद केली असेल तर तो मार्ग संपला. मूळ माहितीची एक अस्पर्श प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली असली तरच सुटका.

कुलूप, पासवर्ड आणि ‘क्लाउडवर आहे ना’

पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक असल्याची खूण, असं अनेकांच्या मनात बसलं आहे. त्याचा अर्थ एवढाच की वाटेत कुणाला मजकूर वाचता येणार नाही. फसवणाऱ्यालाही ते कुलूप मिळतं. या गैरसमजामुळेच क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. पाहायचा तो पत्ता: पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या लगेच आधीचे शब्द खरे मालक सांगतात. ओळखीचं नाव त्याच्याही डावीकडे कुठेतरी असेल तर ते फक्त सजावटीला आहे.

पासवर्ड लांब आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. तो वेगळा असणं अधिक महत्त्वाचं, कारण एका ठिकाणाहून फुटलेला पासवर्ड चोर इतर सगळीकडे लावून पाहतात.

क्लाउडवर फाइल आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. सिंक केलेल्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर आपोआप सारख्या ठेवल्या जाणाऱ्या फोल्डरमधून फोनवर फाइल पुसली की ती संगणकावरूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. बॅकअप म्हणजे एका जागी पुसल्यावरही दुसऱ्या जागी उरणारी प्रत.

अडलं तर

एरर मेसेज आला की मुलं आधी तो बंद करतात आणि मग मदत मागतात. बंद करू नका, वाचा, फोटो काढा. त्यातलं वाक्य जसंच्या तसं शोधलं तर उत्तर मिळायची शक्यता बरीच असते. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं सुटलं ते कळत नाही आणि तीच अडचण पुढच्या आठवड्यात पुन्हा नवी होऊन येते. यंत्र बंद करून चालू केल्यानं बरंच काही सुटतं, कारण रॅममध्ये अडकून पडलेली कामं पुसली जातात. तरी त्याआधी सेव्ह करायला विसरू नका.

आणि प्रिंटर छापत नसेल तर प्रिंटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक आज्ञा रांगेत जाऊन बसते. कागद भरला, तार जोडली की एकामागून एक पाच प्रती बाहेर पडतात. आधी रांग उघडा, जादा प्रती रद्द करा, मग प्रिंटरकडे वळा.