हीटिंगचा थर्मोस्टॅट कसा तपासावा

घरातील हीटिंग सुरू होईनासे झाले की पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो. मात्र तो मुळात खोलीचे तापमान पाहून फर्नेस (घर तापवणारी भट्टी) चालू-बंद करणारा एक स्विच आहे, त्यामुळे नवा आणण्यापूर्वी बिघाड त्यातच आहे की फर्नेसमध्ये, हे ठरवून घ्यावे.

मोड ‘हीट’वर ठेवून तापमान खोलीपेक्षा तीन अंशांनी वाढवावे आणि काही मिनिटे थांबावे, कारण अनेक फर्नेस लगेच पेटत नाहीत. सेल सरळ नवे घालावेत. पडद्यावर आकडे दिसतात म्हणून सेल चांगले आहेत, असे समजू नये. फर्नेसचा ब्रेकर (वीजपुरवठ्याचा स्विच) सुरू आहे ना आणि तिचे झाकण नीट बसले आहे ना, हेही पाहावे, कारण झाकण सैल असले तर आतला सुरक्षा स्विच वीज तोडतो.

हीटिंग चालते पण खोली कमी-जास्त तापते, अशी तक्रार असल्यास थर्मोस्टॅटशेजारी तापमापक टांगून पंधरा मिनिटांनी दोन्ही आकडे ताडून पाहावेत. एखाद्या अंशाचा फरक चालतो. फरक जास्त असेल तर ऊन, दिवा किंवा तारांसाठी भिंतीत पाडलेल्या छिद्रातून येणारी थंड हवा कारणीभूत असू शकते. हे छिद्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

खरा निकाल लागतो तो तारा जोडून. ही चाचणी केवळ २४ व्होल्टच्या थर्मोस्टॅटवर करावी. जाड तारा दिसल्या किंवा १२०, २३० अथवा २४० व्होल्ट असे लिहिलेले आढळले, तर हात न लावता इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ब्रेकर बंद करून थर्मोस्टॅटचे झाकण काढावे, कोणती तार कुठे आहे याचा फोटो घ्यावा आणि ‘आर’ (वीज आणणारी) व ‘डब्ल्यू’ (हीटिंग सुरू करण्याचा इशारा नेणारी) या खुणांच्या तारा सोडवून त्यांची उघडी टोके एकमेकांना जोडावीत. तारेच्या रंगावर विसंबू नये. ब्रेकर सुरू केल्यावर फर्नेस पेटली, तर तारा आणि फर्नेस ठीक असून दोष थर्मोस्टॅटचा आहे. खात्री पटताच ब्रेकर बंद करून जोड सोडवावा, कारण तो तसाच राहिल्यास खोली कितीही तापली तरी फर्नेस थांबणार नाही.

फर्नेस पेटलीच नाही, तर मल्टिमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) एसी व्होल्टवर ठेवून ‘आर’ आणि ‘सी’ (परतीची सामायिक तार) यांमधील विद्युतदाब मोजावा. तो साधारण २४ ते २८ व्होल्ट भरला, तर ‘डब्ल्यू’ची तार तुटलेली असेल किंवा बिघाड फर्नेसमध्ये असेल, शून्य आला, तर ब्रेकर बंद करून फर्नेसच्या कंट्रोल बोर्डवरील छोटा फ्यूज तपासावा आणि जळलेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा बसवावा.