आंब्यावर ऑर्किड कसं बसवावं

ऑर्किड झाडाचा रस शोषतं, हे आधी डोक्यातून काढा. रस शोषतं ते बांडगूळ. ते फांदीच्या आत घुसतं. ‘सीतेची वेणी’ या जातीसारखी ऑर्किडं सालीला नुसती धरून राहतात आणि ओघळणाऱ्या पावसावर, अडकलेल्या पाल्यापाचोळ्यावर भागवतात. आंब्याचं त्यात काही जात नाही, त्याला काही मिळतही नाही.

रोप रोपवाटिकेतूनच घ्या, जंगलातलं ओरबाडू नका. झाड खरबरीत सालीचं हवं: आंबा, फणस, ऐन. पेरू किंवा निलगिरी नको. साल सुटून पडली की रोपही गेलं. चुना-गेरू किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावलेला बुंधा टाळा. ऊन सकाळचं, दुपारी सावली. पावसाळा लागला की कामाला लागा.

आता बांधणी. माझं सगळ्यात जास्त डोकं हिनेच खाल्लं. ‘हलक्या हाताने बांधा, नाजूक असतं’ हा सल्ला देणाऱ्यांना हात जोडावेत. रोप सैल राहिलं की वाऱ्याने हलतं, नव्या मुळाचं हिरवं टोक सालीवर घासून मोडतं आणि त्या मुळाची वाढ तिथेच थांबते. तेव्हा घट्ट बांधा. पण कुठे? जुन्या मुळांवरून आणि बुडख्यावरून. गाभ्यावरून (जिथून नवं पान फुटतं), नव्या टोकांवरून पट्टी कधीच न्यायची नाही. जुन्या बनियनची पट्टी उत्तम; ताणून बांधता येते, काचत नाही. तार नकोच. बांधून झाल्यावर एक पान बोटाने हलवा. बुडखा जरा जरी सरकला, तर सोडून पुन्हा बांधा.

दुसरा खुळा सल्ला म्हणजे मागे नारळाच्या सोडणाची जाड गादी लावणं. कोकणातल्या पावसात ती महिनोन्‌महिने ओली राहते, मुळं कुजतात. त्यातून वाचलीच तर सालीऐवजी गादीलाच चिकटतात, आणि गादी कुजली की सगळं खाली. मूळ थेट सालीवर टेकवा. रोप बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवा, म्हणजे गाभ्यात पाणी साचणार नाही.

पावसाळ्यात पाणी घालायचं काम नाही. ऑक्टोबरच्या उन्हापासून रोज सकाळी फवारा. सुकलेली मुळं रुपेरी पांढरी दिसतात. भिजून हिरवी झाली की पुरे. भिजूनही तपकिरी, पोकळ राहिलं ते मूळ मेलेलं.

पट्टी काढायची घाई नको. आधी मुळं सालीवर चपटी होऊन पसरलीत का बघा. नखाने उचलून पाहिलं तरी सुटत नसतील, तर खुशाल कापा.