बाळाचं जावळ काढायचंय? मग आधी ब्लेडचं बघा

जावळाचा दिवस ठरला की घरात चर्चा सुरू होते ती जेवणाला किती माणसं आणि मामा काय आणणार याची, वस्तरा कुणाच्या हातात असणार हे कुणी विचारतच नाही. आधी तेच ठरवा.

बेळगाव, खानापूर, निपाणीत आता गल्लोगल्ली एसी सलून झालीत, पोरं फेड भारी मारतात, पण तान्ह्या बाळाच्या डोक्यावर ब्लेड फिरवायची सवय सगळ्यांना नसते. तो हात बहुतेक वेळा जुन्या दुकानातल्या वयस्कर न्हावीमामांकडंच सापडतो. जाऊन सरळ विचारायचं, मामा, एवढ्या लहान बाळाचं करता काय, आणि घरी येता काय. वार पण विचारून घ्या, कुठलं दुकान सोमवारी बंद असतं, कुठलं मंगळवारी.

पाचवा, सातवा, नववा महिना की वर्ष झाल्यावर, ते तुमच्या घरच्या रीतीप्रमाणं. माझं म्हणणं एवढंच की बाळानं मान नीट धरल्याशिवाय नको. पुढची टाळू भरायला दीड वर्षापर्यंत वेळ लागतो, म्हणजे बहुतेक जावळं टाळू मऊ असतानाच होतात, तेव्हा तिथं जोर अजिबात नको. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिची लस जन्मल्यावर आणि मग 6, 10, 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांच्या एकत्र लसीतून मिळते, ते डोस झालेत काय कार्डावर बघा.

आता ब्लेड. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा 7 दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून नुसतं पाण्यात बुडवून पुसलेला वस्तरा चालणार नाही. ब्लेडचं नवीन पाकीट तुम्हीच घेऊन जा, कागद तुमच्यासमोर फोडायला लावा, होल्डर आधी स्पिरिटनं पुसून घ्या. असं बोलायला लाजायचं काय कारण, चांगला कारागीर यानं कधीच रागावत नाही. चिकोडी, रायबागकडं मामा कन्नड बोलणारे असले तर "होसा ब्लेड हाक्री, सावकाश माड्री" (नवीन ब्लेड घाला, सावकाश करा) एवढं पुरतं.

नवस देवाचा असला, म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का नाहीतर मंगसुळीचा खंडोबा, तर पौर्णिमेची, जत्रेची, मंगसुळीला रविवारची गर्दी शक्यतो टाळा. गर्दीत एका मागून एक डोकी होतात आणि कुणाला ब्लेड बदलायला सवड नसते. तिथं देवासमोर बाळाच्या मामानं कात्रीनं एक बट कापली आणि बाकीचं घरी येऊन केलं तरी चालतं असं मला वाटतं, देव त्याला काय नाही म्हणणार नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर ऊन पण बेक्कार लागतं, नुकतंच भादरलेलं डोकं झाकायला सुती टोपडं न्याच.

बाळ झोपून उठलेलं आणि पोट भरलेलं असावं. ताप असेल, नाहीतर त्याच दिवशी लस दिली असेल तर पुढं ढकला. बाळाच्या मामानं मांडी घालून बसायचं, बाळाची पाठ पोटाला टेकवायची, एका हातानं दोन्ही हात धरायचे आणि दुसरा कपाळावर, आवळायचं नाही. केस कोमट पाण्यानं चांगले भिजवले की ब्लेड अडकत नाही. जाणता न्हावी आधी झिरो मशीन मारतो, मग अंगठ्यानं कातडी ताणून बारीक बारीक हात घेतो आणि बाळानं झटका दिला की ब्लेड लगेच वर उचलतो, हे नीट बघत राहा. आत्यानं समोर बसून बांगड्या वाजवायच्या, तेवढ्यात अर्धं डोकं होतं. बाळ फारच रडायला लागलं तर मशीनवरच थांबवा. वस्तरा फिरवला म्हणून केस दाट येतात हे खरं नाही, केस मुळातून येतात.

कुठं कापलं तर दुकानातली सगळ्यांना लावलेली तुरटी नको, स्वच्छ कापड दाबून धरा. कापलं नसेल तरच चंदन किंवा हळद लावायची. केस कणकेच्या गोळ्यात घेऊन नदीत सोडण्यापेक्षा झाडाखाली पुरा.

न्हावीमामांना नारळ, शिधा, टॉवेल-टोपी द्यायची रीत आहे ती ठेवाच, पण पैसे वेगळे आणि आधी ठरवून द्या, घरी यायला त्यांचा अर्धा दिवस मोडतो. दोन दिवसांत डोक्यावर पुरळ किंवा पू दिसला तर घरी काही लावत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.