अंतराळातल्या शस्त्राची बातमी ग्रुपवर आली की काय करायचं

बोटवाल्यांच्या ग्रुपवर रात्री "वरून अणुहल्ला होणार" असं काही आलं तर लगेच पुढे ढकलू नका, आधी मूळ कोण काय बोललं ते शोधा. १४ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेचे खासदार माईक टर्नर राष्ट्रीय सुरक्षेला गंभीर धोका आहे एवढंच बोलले, तपशील गुप्त, मग काय लोकांनी वाट्टेल ते तर्क लावले. दुसऱ्याच दिवशी व्हाईट हाऊसच्या जॉन किर्बींनी सांगितलं की रशिया सॅटेलाइटविरोधी शस्त्र बनवतोय, अजून तैनात नाही, कुणाच्या जिवाला लगेच धोका नाही. एक दिवस थांबायचं बस.

मग नेम कशावर आहे ते बघा, माणसांवर की सॅटेलाइटवर? १९६२ मध्ये अमेरिकेने साधारण ४०० किमी उंचीवर अणुबॉम्ब फोडला तेव्हा अमेरिकेच्या हवाई बेटांवर रस्त्यावरचे काही दिवे गेले आणि नंतर काही सॅटेलाइटही निकामी झाले, आणि १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारात पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी आहे.

हर्णै, मालवणच्या आपल्या बोटींचं जीपीएस सॅटेलाइटवरच चालतं ना, त्यामुळे खोल समुद्रात जायच्या आधी होकायंत्र नीट आहे का बघा आणि पोरांना ते वाचायला शिकवा, आजोबांना यायचं तसं.