पुण्याला शिकायला चाललात? गोव्याहून निघताना या चुका टाळा

गोव्याहून पुण्याला गेलेल्या मुलांचे पहिले सत्र अभ्यासाने नाही, चवथीने, म्हणजे गणेशचतुर्थीने बिघडते. आपल्याकडे शाळा-कॉलेजांना चवथीची लांबलचक सुट्टी, म्हणून तिकडेही तशीच असणार असे घरातले सगळे धरून चालतात. पुण्यात गणपतीचा थाट मोठा, पण कॉलेजची लांब सुट्टी दिवाळीला. मूल दोन दिवसांसाठी येते, मग "माटोळी (गणपतीवर बांधलेली फळा-पानांची सजावट) उतरेपर्यंत राहा रे" म्हणून आजी थांबवते, मग मामाकडे जेवण. परत जाईपर्यंत दोन प्रॅक्टिकल आणि एक अंतर्गत चाचणी हुकलेली असते आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली घसरलेली असते. हे डिसेंबरात, परीक्षेचा फॉर्म अडला की कळते.

म्हणून प्रवेश झाल्या झाल्या कॉलेजचे शैक्षणिक वेळापत्रक मिळवा आणि चवथीच्या आठवड्यात काय आहे ते बघा. दीड दिवसाचा गणपती असेल तर प्रश्नच नाही. पाच किंवा सात दिवसांचा असेल तर मूल पूजेला येणार की विसर्जनाला, हे घरात आधीच ठरवा. दोन्हीकडचा हट्ट नको.

तिकिटाचीही एक गंमत आहे. येण्याचे सगळे काढतात, परतीचे राहते. रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, लोंढा, बेळगाव, मिरजमार्गे पुण्याला जाते, पण चवथीनंतरच्या जागा भराभर संपतात. मग म्हापशाच्या स्टँडवर खाजगी स्लीपरवाला सांगेल तो दर मोजायचा.

कागद

गोवा बोर्डाची बारावी करून बाहेरच्या विद्यापीठात गेलात की मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे बोर्ड सोडून दुसरीकडे जाण्याचा दाखला मागतात. ते बोर्डाकडून मिळते, कार्यालय पर्वरीला. पुण्याहून त्यासाठी परत येण्यात अर्थ नाही, निकालानंतर लगेच अर्ज करून मोकळे व्हा. शाळा सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन कॉलेज ठेवून घेते, तेव्हा हातातून सोडण्याआधी झेरॉक्स काढा, मोबाईलवर स्कॅनही ठेवा.

भाषा तीच, आडनावेही तीच, म्हणून महाराष्ट्रात आपल्याला तिथलेच धरतील असे पालकांना वाटते. सीईटीच्या प्रवेशात आपण परराज्यातले. गोव्याचा ओबीसी दाखला तिथल्या राज्य आरक्षणात चालत नाही. फीचा हिशेब हे धरून करा. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिची चौकशी फी भरायच्या आदल्या आठवड्यात करून उपयोग नाही. मामलेदार कचेरीतून रहिवासी दाखला काढायलाच वेळ जातो.

खोली आणि बॅग

खोली बघताना पाणी, डिपॉझिट, वायफाय सगळे विचारतात. आपल्या माणसाने पहिल्यांदा विचारायचे ते वेगळेच: इथे नुस्ते, म्हणजे मासे, चालतात का? अनेक सोसायट्यांत चालत नाहीत. सुका बांगडा इंडक्शनवर भाजला की वास जिन्यातून खाली जातो आणि दहा मिनिटांत मालक दारात उभा. आमसुले, घरचा मसाला, उकड्या तांदळाची पिशवी खुशाल न्या. सुके मासे मात्र परवानगी असेल तरच, तेही हवाबंद डब्यात. डिपॉझिट दिले की पावती घ्या, लेखी. तोंडी शब्दावर एकही रुपया देऊ नका.

नवे मित्र हमखास सांगतात, "गोव्याचा आहेस ना, येताना घेऊन ये." बॅगेत बाटल्या घालू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणे गुन्हा आहे, सीमेवर बसची झडती होते, आणि तिथे कडक दारू पिण्याचे वय २५ आहे. "काकांच्या काजूची घरगुती फेणी आहे" हे एक्साइजवाल्याला सांगून काही होत नाही.

बाटल्यांच्या जागी स्वेटर घाला. डिसेंबरातली पुण्याची पहाट आपल्या अंगाला झेपत नाही, ओठ फुटतात.

"मला परत यायचे आहे"

हा फोन बहुतेक घरी येतो, साधारण पहिल्या महिन्यात. बाबा लगेच "सोडून ये, इथेच घेऊ प्रवेश" म्हणतात किंवा "पैसे भरलेत" म्हणून ओरडतात. दोन्ही घाईचे. आई "जेवलीस का?" विचारते. त्याऐवजी "कुणाबरोबर जेवलीस?" विचारा. रोज एकटीच जेवत असेल तर ओळखी झालेल्या नाहीत, त्याला वेळ लागतो आणि ते सुटते. नाव न घेता सीनियर्सबद्दल काहीतरी अर्धवट बोलून विषय बदलत असेल तर थांबू नका. रॅगिंगसाठी यूजीसीची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवता येते, आणि फोन पालकांनीही केलेला चालतो.